नाव नको, तारीख सांगा

प्रश्न : सर, मी राहायला कोपरखैरणेला, कंपनी महापेला. आमच्या टपरीवर रोज एकच वाद चालू असतो. एक मित्र म्हणतो बॉक्सिंगमध्ये १९५० च्या दशकातला हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानो सगळ्यात भारी, ४९ फाईट खेळला ४९ जिंकला, विषय संपला. मी म्हणतो अरे त्याने म्हाताऱ्यांना मारलंय, जो लुई ३७ चा, वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूरचं तर वय पण नक्की नाही. त्यावर तो म्हणतो, जो समोर आला त्याला मारला, त्यात त्याची काय चूक? तर चॅम्पियन केवढा मोठा हे समोरच्यावरून ठरवायचं का, आणि ठरवायचं तर कसं? महिन्याच्या चहाची पैज लागलीये, लवकर सांगा.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : भाऊ, पैज आत्ताच अर्धी अर्धी करून टाका, कारण तुम्ही दोघं निम्मे निम्मे बरोबर आहात.

माझे मामा जत्रेतल्या कुस्त्या करायचे, सातारा भागात. कोणी येऊन सांगितलं ना की आमच्या पोराने यंदा दहा कुस्त्या मारल्या, की मामा तंबाखू मळता मळता एवढंच विचारायचे, "जोड कोणाशी होती?" नारळावरच्या, म्हणजे बक्षीस फक्त नारळ असलेल्या किरकोळ कुस्त्या कोणीही मारतो, शेवटची कुस्ती कोणाशी लागली ते सांग. म्हणजे समोरच्यावरून पैलवान तोलायची आपली जुनीच सवय आहे, बॉक्सिंगवाले काय वेगळं करत नाहीत. पण मामांचा दुसरा प्रश्न लोक विसरतात, तो असायचा "कधी?" तो पैलवान तेव्हा तालमीत होता का दोन वर्षं घरी बसून पोट सुटलेला, हे कळल्याशिवाय मामा मान हलवायचे नाहीत.

आता हाच प्रश्न मार्सियानोला लावा. जो लुई हे नाव ऐकलं की छाती दडपते, १९३७ ते १९४९ चॅम्पियन, २५ वेळा टायटल राखलेलं. पण मार्सियानोला तो भेटला ऑक्टोबर १९५१ ला, एकदा रिटायर होऊन झालेला, टॅक्सचं देणं डोक्यावर म्हणून परत रिंगमध्ये उतरलेला. आठव्या राउंडला दोरांच्या बाहेर गेला आणि तीच त्याची शेवटची फाईट. तेव्हा लुईचं नाव मार्सियानोच्या यादीत फार जोरात वाजवू नये, इथे तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण वॉलकॉट? ३८ चा होता हे खरं, पण त्या रात्री चॅम्पियन तोच होता, सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. पहिल्याच राउंडला त्याने मार्सियानोला खाली बसवला, आणि बारा राउंड झाले तेव्हा गुणांच्या तिन्ही कार्डवर वॉलकॉट पुढे. तेराव्यात मार्सियानोचा उजवा हात फार तर वीतभर अंतरावरून गेला असेल, वॉलकॉट दोरीला एक हात अडकवून हळूहळू खाली घसरला, तो फोटो तुम्ही कुठेतरी बघितला असणार. याला म्हाताऱ्याला मारणं म्हणत नाहीत हो! मूरचं तर अजून गमतीचं, त्याची आई जन्माचं साल १९१३ सांगायची आणि तो स्वतः १९१६, पण १९५५ ला त्याने पण मार्सियानोला पाडलं होतं, आणि हरल्यावर पुढे कितीतरी वर्षं लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या वजनगटाचा चॅम्पियन होताच की. आणि एझर्ड चार्ल्स, मार्सियानोसमोर पूर्ण १५ राउंड उभा राहिलेला एकटा माणूस, १९५४ ला ३२ चा होता. वय आधार कार्डावर बघायचं, रिंगमध्ये बघायचं तो त्या महिन्यात कसा खेळत होता.

तारखेने काय फरक पडतो ते मुहम्मद अलीवरून बघा. फोरमनला त्याने ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात आठव्या राउंडला पाडला. फोरमन तेव्हा २५ चा, ४० पैकी ४० जिंकलेला, फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलेला, नॉर्टनला पण दोनच राउंडमध्ये संपवलेला, आणि हे दोघं म्हणजे अलीला ज्यांनी हरवलं होतं तेच. त्या रात्री त्याच्यापेक्षा अवघड जोड जगात नव्हती. आता तोच अली सहा वर्षांनी लॅरी होम्ससमोर, ३८ चा, हात वर जात नाहीत, शेवटी दहा राउंडनंतर त्याच्या कोपऱ्यातल्यांनीच थांबवलं. रेकॉर्डमध्ये 'अलीला हरवलं' असं सोन्याच्या अक्षरात दिसतं, पण होम्सच्या खात्यात मी त्याचा एक पैसा धरत नाही, आणि जे बघितलं त्यावरून वाटतं होम्सला स्वतःला पण ते नको होतं.

बिचारा होम्स खरं तर या विषयातला सगळ्यात दुर्दैवी माणूस. अली संपला आणि टायसन यायचा होता, त्या मधल्या काळात हा चॅम्पियन. १९७८ ला नॉर्टनशी १५ राउंड, तिन्ही कार्डवर फरक फक्त एकेका पॉइंटचा, शेवटचा राउंड बघाच, दोघं उभे राहू शकत नाहीत आणि मारायचं थांबत नाहीत. ४८-० झाला, म्हणजे ४८ जिंकल्या, हार शून्य, आता एक जिंकली की मार्सियानोची बरोबरी, आणि सप्टेंबर १९८५ ला लाइट हेवीमधून वर आलेल्या मायकल स्पिंक्सने हरवलं. त्या रात्री रागाच्या भरात तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला आणि लोकांनी खेळ विसरून तेवढंच लक्षात ठेवलं. शून्याचा हा असा घोळ असतो.

मित्राचं वाक्य "समोर आला त्याला मारला" हे पण अर्धंच खरं धरा, कारण समोर कोण येणार हे चॅम्पियन बऱ्यापैकी स्वतःच ठरवतो. मेवेदर आणि पॅकियाव या आपल्या काळातल्या दोन मोठ्या बॉक्सरांची बोलणी २००९ ला सुरू झाली आणि फाईट झाली मे २०१५ ला, मधे मार्केझने पॅकियावला तोंडावर पाडून झालेलं. आम्ही सात जण ऐरोलीला मित्राकडे रविवारी सकाळी जमलो होतो, ठाण्याहून मिसळ पार्सल नेलेली, आठव्या राउंडला मिसळ संपली आणि दहाव्याला मित्राचे वडील सोफ्यावर घोरत होते. मेवेदर जिंकला, व्यवस्थित जिंकला, पण २०१० ला हीच फाईट जिंकला असता तर आज हा प्रश्न मला कोणी विचारला नसता. आणि मेवेदरची ५० वी तर मॅकग्रेगरशी, जो प्रो म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगची पहिलीच फाईट खेळत होता. ही नारळावरची कुस्ती, फक्त नारळ जरा महाग होता.

मार्सियानोने मात्र कोणाला टाळल्याचं मला तरी दिसत नाही. त्यामुळे त्याला माझ्या यादीत वरच्या पाचात जागा, पहिल्या नंबरला नाही.

प्रश्न : विजेंदर सिंग प्रोमध्ये सलग १२ जिंकला, तरी लोक त्याला प्रोमध्ये मोठा मानत नाहीत. अन्याय नाही का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. ऑलिम्पिकमध्ये समोर कोण येणार हे ड्रॉ ठरवतो, तिथे प्रमोटरला फोन करता येत नाही. २००८ ला बीजिंगमध्ये त्याने इक्वेडोरच्या गोंगोराला हरवून ब्रॉन्झ नक्की केलं, भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक मेडल, ते बावनकशी. प्रोमध्ये जोड लावून दिली जाते. त्यातली केरी होपची फाईट मी मानतो, होप युरोपचा चॅम्पियन राहिलेला आणि १० राउंड टिकला. बाकीच्यांची नावं तुम्हाला आठवतात का? नंतर मार्च २०२१ ला गोव्यात कॅसिनोच्या बोटीवर रशियाच्या लोपसानने हरवलं, आणि तो काही मोठं नाव नव्हता.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा, बॉक्सिंग शिकतो. जिल्हा स्पर्धेत त्याच्या वजनात तीनच मुलं होती. ह्याला बाय मिळाला, डायरेक्ट फायनल, ती जिंकला, गोल्ड. सोसायटीत बॅनर लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या "एकच तर मॅच जिंकला". पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट.
– एक आई, कळवा

उत्तर : ताई, आधी बॅनर अजिबात उतरवू नका, गणपतीपर्यंत राहू दे. बाय त्याने मागितला नव्हता. आणि जो पोरगा फायनलला आला तो एक मॅच जिंकून गरम होऊन आलेला, तुमचा थंड अंगाने उतरला, हे काकूंना कोणीतरी सांगा. फक्त कोचला भेटून एवढं बघा की रोजचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, कोणाशी होतं. त्याच्याहून लहान मुलांशीच होत असेल तर बदलून मागा, वर्ष दोन वर्षं मोठा, जरा जास्त खेळलेला मुलगा द्या म्हणावं, आणि हेडगार्ड सैल नाही ना ते स्वतः हात लावून बघा, पोरं पट्टा मुद्दाम ढिला ठेवतात. पुढची स्पर्धा जवळपास असेल तर कळवा, ठाण्याहून कळवा एकच स्टेशन, मी येतो बघायला. काकूंना पण घेऊन या.