कॅमेऱ्याचं काहीही विचारा: व्हिडिओसाठी साधा डीएसएलआर की वरचा?

या वेळी बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की व्हिडिओ करायचाय तर सुरुवातीचा स्वस्त डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) चालेल का ताणून वरचा घ्यावा. म्हणून ते सगळे एकत्र घेतोय, फोटोवाल्यांनी जरा कळ काढा.

प्रश्न: सर, मी शिकवण्याचे व्हिडिओ करते, समोर कॅमेरा ठेवून एकटीच बोलते. जमलं तर पुढे शॉर्ट फिल्मही करायची आहे. कॅनन १५००डी घेतला तर लेन्स, माइक वगैरेला पैसे उरतात. नाहीतर कॅनन ६डी मार्क टू, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), पण मग सगळे पैसे बॉडीतच, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातच संपतात. मित्र म्हणतो एकदाच काय तो फुल फ्रेम घे. काय करू?

उत्तर: दोन्ही नको. चिडू नका, सांगतो का ते.

१५००डी फोटोसाठी ठीक आहे, पण त्याला बाहेरचा माइक लावायची जागाच नाहीये. व्हिडिओ चालू असताना आपणहून सतत फोकस धरून ठेवायची सोय नाही, आणि स्क्रीन मागे पक्की बसवलेली, म्हणजे तुम्ही समोर बसून बोलताय आणि आपण फ्रेममध्ये आहोत का, फोकसमध्ये आहोत का, काहीच दिसत नाही. एकटीने काम करणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टी रोज लागतात, त्यामुळे तो स्वस्त वाटला तरी तुमच्यासाठी स्वस्त नाही. निकॉन डी३५०० चंही तेच, माइकचा जॅक नाही (गंमत म्हणजे त्याच घराण्यातल्या जुन्या डी३३०० ला होता).

आता फुल फ्रेम. हे वेड आलं २००८ साली. त्या वर्षी निकॉन डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर आला, ७२०पी वाला, आणि लगेच मागून कॅनन ५डी मार्क टू आला, फुल फ्रेम आणि १०८०पी. मागचं सगळं धूसर, चेहरा तेवढा कडक, असला व्हिडिओ तोवर कमी पैशात कुणाला काढताच येत नव्हता, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की सिनेमासारखं हवं तर सेन्सर मोठाच पाहिजे. पण खरा सिनेमा कित्येक दशकं ज्या ३५ मिमी फिल्मवर शूट झाला तिची फ्रेम फुल फ्रेमपेक्षा बरीच लहान, आपल्या साध्या कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी सेन्सरच्या जवळपास जाणारी असते. म्हणजे तुमच्या मित्राला जो 'सिनेमा लुक' फुल फ्रेममध्ये दिसतोय तो बराचसा लेन्स आणि लाइटचा आहे.

हिशोबच करून बघा ना. कॅननचा फुल फ्रेम सेन्सर त्यांच्या एपीएस-सी पेक्षा क्षेत्रफळाने साधारण अडीच पट, म्हणजे कमी उजेडात सव्वा-दीड स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). उलट कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स ५५ मिमीला नेली की तिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६ वर येतं, त्याजागी साधी ५० मिमी एफ १.८ लावली तर जवळपास दहा पट उजेड आत येतो, तीन स्टॉपच्या वर. सगळ्यात स्वस्त लेन्स जे काम करते ते बॉडी बदलून होत नाही. फक्त लक्षात ठेवा, एपीएस-सी वर ५० मिमी ही ८० मिमीसारखी दिसते, खोली लहान असेल तर पाठ भिंतीला टेकेल.

शिवाय ६डी मार्क टू मध्ये व्हिडिओवाल्यांसाठी फार काही नाहीच, ४के व्हिडिओ नाही, हेडफोनचा जॅक नाही. फोटोंसाठी छान कॅमेरा, तुमच्या कामाला उगाच महाग.

डीएसएलआरमध्ये किंमत आणि व्हिडिओचा ऑटोफोकस यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर काळा होतो, आणि ज्या फोकस सेन्सरचे तुम्ही पैसे दिलेत तो आंधळा होतो, कारण त्याला उजेड आरशातूनच मिळत असतो. मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरच कॉन्ट्रास्ट बघत पुढेमागे चाचपडत बसतो. कॅननने २०१३ ला ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस, म्हणजे मुख्य सेन्सरवरच न चाचपडता फोकस धरायची सोय आणली आणि हा त्रास संपवला. त्यामुळे निकॉन डी८५० सारखा भारी कॅमेरा व्हिडिओत फोकस शोधत फिरतो आणि कॅननचा छोटासा २००डी चेहऱ्याला चिकटून बसतो.

म्हणून तुम्हाला सांगेन २००डी मार्क टू बघा, नाहीतर चांगल्या अवस्थेतला ८०डी. दोघांना फिरणारी स्क्रीन आहे, माइक जॅक आहे, ड्युअल पिक्सेल आहे, ८०डी ला हेडफोन जॅकही आहे. उरलेल्या पैशातून आधी कॉलर माइक, मग ५० मिमी नाहीतर २४ मिमीची लेन्स, मग एक मोठा मऊ लाइट. याच क्रमाने. आवाज खराब असला की बघणारा दहा सेकंदात निघून जातो, चित्र थोडं मऊ असलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न: २००डी मार्क टू मध्ये ४के आहे म्हणून घेतला, पण ४के लावलं की सगळं झूम झाल्यासारखं दिसतं आणि फोकसही बिघडतो. पीस खराब आलाय का?

उत्तर: पीस बरोबर आहे, तो असाच आहे. ४के मध्ये तो सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, एकूण क्रॉप (फुल फ्रेमच्या तुलनेत चित्र किती पटीने कापलं जातं तो आकडा) २.६ च्या आसपास जातो, तुमची १८ मिमी लेन्स ४६-४७ मिमीसारखी वागायला लागते. आणि ड्युअल पिक्सेल ४के मध्ये बंद. महागड्या ५डी मार्क फोरलाही ४के त क्रॉप आहेच, वर त्याची फाइल सेकंदाला ५०० मेगाबिटच्या आसपास, ६४ जीबीचं कार्ड सतरा मिनिटांत भरतं. डीएसएलआरमध्येच पूर्ण रुंदीचं ४के आणि नीट ऑटोफोकस दोन्ही हवं असेल तर कॅनन ९०डी किंवा निकॉन डी७८०, तेवढीच नावं पटकन आठवतात. बोलण्याचे व्हिडिओ असतील तर १०८०पी वर शूट करा आणि झोपा शांत.

प्रश्न: दादा माझ्याकडे डी३५०० आहे. बाहेर उन्हात काढलेला व्हिडिओ झटके देत चालल्यासारखा दिसतो, लोक म्हणतात कॅमेरा बदल. खरंच बदलू का?

उत्तर: थांब जरा. हा बॉडीचा दोष नाही, शटरचा आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्याचा. ऑटोवर ठेवलास की कॅमेरा उन्हात शटर १/२००० सेकंद वगैरे करून टाकतो, प्रत्येक फ्रेम एकदम गोठलेली येते आणि हालचाल तुटक दिसते. शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट ठेव, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०. (घरातल्या लाइटखाली चित्रात पट्टे फिरताना दिसले तर जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० किंवा १/१००, जिथे ६० ची आहे तिथे १/६० किंवा १/१२०.)

आता अडचण अशी की कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि १/५० ला अ‍ॅपर्चर जातं एफ २२ वर, आणि तुला तर मागचं धूसर हवंय, एफ २.८ हवंय. म्हणजे सहा स्टॉप उजेड जास्त. तेवढा अडवायला ६४ पटीचा एनडी फिल्टर लागतो, लेन्सवर फिरवायची काळी काच फक्त. दहा पट महाग बॉडी घेतलीस तरी हीच काच लागणार आहे, डीएसएलआरच्या आत ती नसते. एक मात्र आहे, तुझ्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) चालू असताना अ‍ॅपर्चर बदलत नाही, बाहेर येऊन बदलायचं आणि परत आत जायचं, वैताग आहे पण सवय होते.

माइक जॅक नाही त्याला उपाय म्हणजे छोटा वेगळा रेकॉर्डर, बोलणाऱ्याच्या खिशात. सुरुवातीला एक टाळी वाजव, एडिट करताना दोन्ही आवाजातली टाळी जुळव, झालं. खरं सांगायचं तर जॅक असलेल्या कॅमेऱ्यातही मी हेच सुचवतो, कारण डीएसएलआरच्या आतलं माइकचं सर्किट बहुतेक वेळा सूं सूं करतं, स्वस्त असो की महाग.

प्रश्न: आमच्या संस्थेत दीड-दोन तासांची व्याख्यानं सलग रेकॉर्ड करायची आहेत. आत्ताचा कॅमेरा अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. वरचं मॉडेल घेतलं तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, पैसे वाचवा. २९ मिनिटं ५९ सेकंदांची ती मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. युरोपियन युनियनच्या कस्टम्स नियमात अर्धा तास किंवा जास्त सलग व्हिडिओ काढणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जादा शुल्क बसायचं, म्हणून कंपन्यांनी सरसकट सगळ्यांना लगाम घातला, ५डी मार्क फोरलाही आणि डी७८० लाही. तुमच्या कामाला साधा कॅमकॉर्डर बरा, तो तासन् तास चालायलाच बनवलेला असतो, किंवा मर्यादा नसलेला मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. आहे तोच वापरायचा असेल तर आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग घ्या आणि वक्ता पाणी प्यायला थांबला की कॅमेरा बंद करून लगेच चालू करा. बॅटरीऐवजी विजेवर चालणारा डमी अ‍ॅडॉप्टर मात्र घ्याच.

प्रश्न: जुना वापरलेला वरचा डीएसएलआर घ्यावा का नवीन साधा? आणि सगळे मिररलेस म्हणतात त्याचं काय?

उत्तर: शून्यापासून सुरुवात असेल, घरात एकही लेन्स नसेल, तर व्हिडिओसाठी मिररलेसच. कॅनन आणि निकॉन दोघांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले, त्यानंतर काही नाही. आणि वर सांगितलेली आरशाची भानगडच तिथे नसते, उन्हात स्क्रीन दिसत नसली तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनही शूट करता येतं.

पण घरात आधीच लेन्स पडून असतील, किंवा कुणी आपला ८०डी, ९०डी किंवा डी७८० चांगल्या भावात देत असेल, तर वापरलेला वरचा घ्या, नव्या साध्यापेक्षा चांगलाच ठरेल. फक्त तो शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) बघत बसू नका. व्हिडिओ काढताना आरसा एकदाच वर जातो आणि तिथेच राहतो, त्यामुळे शंभर तास शूट केलेला कॅमेराही काउंटमध्ये कोवळा दिसतो. त्यापेक्षा माइक घेऊन जा, जॅकमध्ये घालून हलवा, आवाज तुटला तर सोडून द्या. स्क्रीन पूर्ण फिरवा, मधल्या कोनात चित्र लुकलुकतं का बघा, आतली पट्टी झिजली की तसं होतं. एचडीएमआयचं तोंड सैल आहे का तेही. मग लेन्सला टोपी लावून आयएसओ वाढवा आणि वीसेक मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा, तापल्यावर काळ्या स्क्रीनवर लाल-पांढरे ठिपके जागच्या जागी चमकायला लागले तर ते प्रत्येक अंधाऱ्या शॉटमध्ये दिसणार. विकणारा एवढा वेळ थांबायला तयार नसेल तर दुसरा बघा.