वीस टाकू नकोस, मोज

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू "हो मॅडम, हो मॅडम" म्हणतोस आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहिते.

तू चार गोष्टी विचारल्यास. नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्सभरती परीक्षेचा, क्लास लावू का, जर्मन शिकू का, गावात "पोरगं नर्स होतंय व्हय" म्हणणाऱ्यांना काय सांगू. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: वॉर्डात सीनियरनं ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट पुढं केला, श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचं वीस टाक म्हणाले, तू टाकलंस, आणि तेव्हापासून नीट झोप नाही. पहिल्या तीन गोष्टींना दोन-दोन ओळी पुरतात. मला या चौथीबद्दल बोलायचं आहे.

वीस टाकू नकोस. मोज.

प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला 12 ते 20. हे तुला पाठ आहे, सगळ्यांनाच पाठ आहे, आणि म्हणूनच वीस टाकणं सोपं जातं. आकडा नॉर्मलमध्ये बसतो, राउंडला कोणी विचारत नाही. पण वॉर्डभर पेशंट, कोणाला ताप, कोणाचा शुगरमुळं पाय सडलेला, कोणी दम्याचा, आणि सगळ्यांचा श्वास वीस? असा वॉर्ड जगात कुठं नाही.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं काढू नकोस, नुसती नजर छातीवर ने. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगू नकोस, कळलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. छाती वर गेली, खाली आली, एक. पूर्ण साठ सेकंद. बाईनं पदर घट्ट घेतला असेल, अंगावर चादर असेल, छाती दिसत नसेल, तर तिचाच हात पोटावर आडवा ठेव आणि तो हात बघ. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय लावून घेऊ नकोस. त्यात एक श्वास सुटला की चारचा फरक पडतो, आणि आकडा 16, 20, 24 अशाच उड्या मारतो, मधला 22 कधी येतच नाही. सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गानं शरीरातले अवयव बिघडू लागल्याची, शंका घेण्यासाठी 2016 साली जी क्यूसोफा नावाची झटपट तपासणी आली, तिची रेषा नेमकी 22 वर आहे. ज्या आकड्यावर सावध व्हायचं, तोच आकडा गुणाकारात सापडत नाही. एवढं तरी लक्षात घे.

तू म्हणशील, आता बोटाला ऑक्सिमीटर लावतात, मग मोजायचं कशाला. ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 97 टक्के दिसत असतं आणि तो मिनिटाला बत्तीस वेळा धापत असतो. ते 97 टिकवायला तो किती मेहनत करतोय, हे यंत्र सांगत नाही. बीपी पडण्याच्या किती तरी आधी श्वास वाढतो. शरीर जंतुसंसर्गाशी झगडत असेल, रक्तात आम्ल वाढलं असेल, पहिली खूण बहुतेक वेळा छातीवरच दिसते. आणि आपल्या भागात तर हे जास्तच शिकून घे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, सूज नसते. सकाळी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि मग श्वास उथळ होत जातो. ऊसतोडीच्या फडावर कोपीत जमिनीवर कोण झोपतं, हे धारूरच्या पोराला मी सांगायला नको.

तुला मी हे इतक्या हट्टानं का सांगते, तेही ऐक. मी नोकरीला असलेल्या एका दवाखान्यात फवारणीचं औषध पिलेला एक जण दाखल होता. पोट धुतलं होतं, अ‍ॅट्रोपीन हा विषावरचा उतारा चालू होता, पहिला दिवस निभावला. घरचे खूश, आता घरी कधी सोडता म्हणून विचारत होते. ऑर्गनोफॉस्फरसमध्ये, म्हणजे अशा फवारणीच्या विषात, हाच काळ फसवा असतो. साधारण 24 ते 96 तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, पेशंटला उशीवरून डोकं उचलता येत नाही. सकाळच्या ड्युटीला मी ओव्हर घेतली, म्हणजे रात्रपाळीकडून वॉर्ड ताब्यात घेतला. रात्रभराचा चार्ट: वीस, वीस, वीस, वीस. मी मोजले, चौतीस. मान उचल म्हटलं, उचलेना. डॉक्टरांना बोलावलं, नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. तो वाचला, चालत घरी गेला.

पुढची गोष्ट वॉर्डातल्या माणसांची आहे. केस पोलिसातली, म्हणजे चार्ट उद्या कोर्टातही जाणार. वीसवरून एकदम चौतीस बरं दिसत नाही, तुमचा आकडा जरा खाली घ्या, असं मला सांगण्यात आलं. मी घेतला नाही. मला दुसऱ्या विभागात टाकलं. नोकरीत राहून पुढची डिग्री घ्यायला, पोस्ट बेसिक बीएस्सीच्या डेप्युटेशनसाठी, माझं नाव जायचं होतं, ते गेलं नाही, पुढंही कधी गेलं नाही. ज्या मैत्रिणीची ती रात्रपाळी होती, ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. त्याचं दुःख मला अजून आहे. ती वाईट नर्स नव्हती, त्या रात्री तिच्याकडं सबंध वॉर्ड होता आणि सोबतीला एक मावशी. मी हेकट आहे असं तेव्हा सगळे म्हणाले, घरीसुद्धा म्हणाले. पुढं स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाही म्हणाले. म्हणू देत. मला डिग्री मिळाली असती तर मी कॉलेजात शिकवलं असतं, चांगलं शिकवलं असतं, ही खंत जाणार नाही. पण चौतीसचे चोवीस केले असते तर काय शिकवलं असतं?

तर आता तू म्हणशील, मॅडम, एवढे पेशंट, सगळ्यांचं एकेक मिनिट कुठून आणू? हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी चिडणार नाही. सगळे जमत नसतील तर जमतील तेवढे मोज, आणि बाकीचे रकाने रिकामे सोड. रिकामा रकाना पुढच्या माणसाला सांगतो की इथं कोणी बघितलेलं नाही, बघा. वीस त्याला सांगतो, बघायची गरज नाही. यातलं जास्त घातक कोणतं ते तूच ठरव. आधी विषबाधेचे, सर्पदंशाचे, धाप लागलेले, तापानं गुंगलेले मोज. मग ऑपरेशनची पहिली रात्र असलेले, कारण मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल दिलेल्याचा श्वास मंदावतो आणि तो शांत झोपलाय असं वाटतं. दहाच्या खाली गेला तर आधी हाक मारून जागा कर, आणि इनचार्जला लगेच सांग. सीनियरशी भांडू नकोस. "सर, मी मोजून टाकतो" एवढंच म्हण आणि मोजायला लाग. फार तर हसतील.

झालं गेलं त्यावर रडत बसू नकोस. तुला झोप आली नाही ही चांगली गोष्ट आहे, पण नुसत्या जागरणाचा पेशंटला उपयोग नाही.

"हे काम तर मावशीही करतात, मग चार वर्षं कशाला" हे वाक्य मात्र मला आवडलं नाही. मावश्या अंग पुसतात, कूस बदलतात, बेडपॅन देतात, आणि त्यांच्या हातांना मी आजही नमस्कार करते. तुला अंग पुसताना माकडहाडावरची लाली दिसली पाहिजे आणि दाबल्यावर ती जात नाही, म्हणजे पडून पडून जखम व्हायला लागली, हे कळलं पाहिजे. त्यासाठी चार वर्षं. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला जे अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग आहे, आमच्या वेळचं मेडिकल-सर्जिकल, तो विषय गाईड वाचून नाशिकच्या विद्यापीठाची परीक्षा पास होण्यापुरता करू नकोस. पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं ते, त्यात मुद्दाम मिसळून दिली आहे. शुगर वाढलेल्या माणसाचा श्वास खोल आणि वेगवान का होतो, हे पुस्तकात वाच आणि त्याच आठवड्यात वॉर्डात शोध. दीपप्रज्वलनाला तुम्ही नाइटिंगेलबाईंचा दिवा हातात घेता. त्याच बाईंनी क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे नीट मांडून दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, आणि 1858 साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना पहिली स्त्री सभासद करून घेतलं. सैन्याच्या दवाखान्यांच्या नोंदी किती गबाळ्या आहेत, यावर त्या सरकारशी भांडल्या. दिव्याबरोबर हेही कोणी सांगत जा रे.

आता राहिलेलं. नॉरसेट दे, जरूर दे. बीएस्सी झालेल्याला तिथं अनुभवाची अट नाही, जीएनएम डिप्लोमावाल्यांना दोन वर्षांची आहे, ही तुझी सोय आहे. पण क्लाससाठी क्लिनिकल बुडवू नकोस. डिग्री हातात पडायच्या आधी प्रत्येक विभागाची प्रॅक्टिकल हजेरी शंभर टक्के लागते, आणि ती नुसत्या सहीची हजेरी नसावी. जर्मन शीक. 2024 साली आपल्या राज्याचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार झाला, वाट खरी आहे. तिथं नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-2 पातळीची भाषा लागते, संध्याकाळचा एक तास दे. आणि हेही माहीत असू दे की तिथं पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं नर्सच करते. बेडपॅनची लाज घेऊन विमानात बसशील तर तिथून परत यावं लागेल.

गावातल्यांना काही सांगू नकोस. त्यांच्यातला कोणी रात्री बारा वाजता जिल्ह्याच्या दवाखान्यात अडकला की फोन तुलाच येणार आहे. आईला मात्र बोलव एकदा, हॉस्टेल दाखव, अ‍ॅप्रन घालून भेट. तिच्या मनात काय आहे ते तू विचारलेलंच नाहीस.

सोमवारपासून सर्जिकल वॉर्ड आहे म्हणालास. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे, मनगटात घालू देत नसतील तर अ‍ॅप्रनला अडकवायचं. पेशंटच्या उशाशी मोबाइल काढून मोजू नकोस, नातेवाइकांना वाटतं पोरगं खेळतंय. बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटायची आहे, मला ठाऊक आहे. घड्याळाचे पैसे आज पाठवले आहेत. परत करायच्या भानगडीत पडू नकोस, आणि पहिल्या आठवड्यात किती रकाने रिकामे सोडावे लागले ते खरं कळव.

तुझी,
सिस्टर मॅडम