वाचकांचे प्रश्न : तुटीची मर्यादा आणि खर्चाचा अग्रक्रम

प्रश्न : शिक्षण, आरोग्य आणि संरक्षण यांवरील खर्च वाढवावा, पण राजकोषीय तूटही (उत्पन्नापेक्षा जास्त होणारा आणि कर्ज काढून भागवला जाणारा खर्च) आटोक्यात ठेवावी, अशा दोन्ही अपेक्षा सरकारकडून केल्या जातात. त्या परस्परविरोधी नाहीत का? आणि मर्यादा तीन टक्क्यांचीच का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. तीन टक्क्यांची मर्यादा युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारामुळे जगभर परिचित झाली. त्यात तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के आणि सार्वजनिक कर्ज ६० टक्के अशा दोन मर्यादा आहेत. अर्थव्यवस्था चालू किमतींनुसार, म्हणजे महागाई धरून, दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर ३ टक्के तुटीमुळे कर्ज कालांतराने ६० टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. वाढ अडीच टक्क्यांवर घसरली, तर तेवढीच तूट कर्जाला १२० टक्क्यांकडे नेते. त्यामुळे या आकड्याला निसर्गनियमाचा मान देण्याचे कारण नाही.

आता पहिला प्रश्न. विरोध आहे, मात्र तो किती तीव्र होतो हे कर्जाऊ पैसा कुठे जातो यावर ठरते. चालू खर्चासाठी काढलेले कर्ज फक्त व्याज मागे ठेवते, तर रस्ते किंवा वीजनिर्मितीसाठी काढलेले कर्ज पुढे करउत्पन्न वाढवू शकते. म्हणूनच महसुली तूट, म्हणजे चालू खर्चाला महसूल जितका अपुरा पडतो ती रक्कम, वेगळी मोजतात. (ही विभागणीही फसवी ठरू शकते : शाळेची इमारत भांडवली खर्चात धरली जाते आणि शिक्षकाचे वेतन महसुली खर्चात, पण शिक्षकाविना इमारतीचा उपयोग काय?) मर्यादा पाळण्याची वेळ आली की वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नसल्यामुळे कात्री बहुधा भांडवली खर्चालाच लागते, कारण न झालेल्या पुलासाठी मोर्चा निघत नाही. जर्मनीने २००९ साली कर्जावरील मर्यादा थेट राज्यघटनेत घातली. पुढे पायाभूत सुविधांची दुरवस्था इतकी बोचू लागली की २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांच्यासाठी ५०० अब्ज युरोंचा स्वतंत्र निधी मंजूर करावा लागला.

याचा अर्थ शिस्त सोडावी असा नाही. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस मोठी करकपात केली आणि महसूल घसरला. त्यात महासाथ व परकीय चलनाचा तुटवडा यांची भर पडून एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. त्या संकटात रुग्णालयांना औषधेही पुरेनाशी झाली. म्हणजे ज्या अग्रक्रमांसाठी सढळ हाताने खर्च करायचा, तेच आधी कोसळतात.

मला चिलीची पद्धत अधिक समंजस वाटते. २००१ पासून तेथे खर्चाची पातळी त्या वर्षीच्या उत्पन्नावर न ठरवता त्या देशाची मुख्य निर्यात असलेल्या तांब्याची दीर्घकालीन किंमत आणि अर्थव्यवस्थेची सर्वसाधारण वाढ गृहीत धरून ठरवली जाते. तेजीत साठवलेल्या निधीमुळे २००९ च्या मंदीत त्या देशाला खर्च वाढवता आला. अर्थात, तेजीच्या वर्षांत साठ्याला हात न लावण्याइतका संयम सत्ताधाऱ्यांना दाखवावा लागतो, आणि तो कोणत्याही कायद्याने पूर्णपणे हमखास होत नाही.