गगनबावड्यातील आशाताईंच्या दहावीसाठी निधी कोठून मिळेल?

गगनबावडा तालुक्यातील आशाताईंना (गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांना) दहावी पूर्ण करण्यासाठी पैसा कोठून उभा करावा, या आपल्या प्रश्नात माझ्या मते शुल्क ही अडचण दुय्यम आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेस बसता येते आणि त्याचे शुल्क फारसे नसते. खरा खर्च होतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या कामाचा, कारण आशाताईंच्या मोबदल्याचा काही भाग कामानुसार मिळत असल्याने, पावसाळ्यात वाडीवरून चालत येऊन एसटीने कोल्हापूरला वर्गासाठी जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा गृहभेटींचा हिशेब कोराच राहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात (केंद्र ६०, राज्य ४० टक्के) आशांच्या प्रशिक्षणासाठी तरतूद असते, पण ती कामाच्या प्रशिक्षणासाठी. शालेय शिक्षण त्यात बसवण्याचा हट्ट धरू नये. त्याऐवजी जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून प्रवासभत्ता मागावा. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते व त्यात शिक्षण येते, म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतील पात्र उद्योगांकडेही अर्ज करावा. अर्जात पुस्तकांआधी प्रवासखर्च लिहावा. देणगीदार नेमका तोच खोडतात.