‘हीरो’वर लिहिण्यापूर्वी

ऐतिहासिक युद्धकलापटांवर आपण नव्यानेच लिहू लागला आहात, म्हणून पहिल्या लेखासाठी चिनी दिग्दर्शक झांग यिमौ यांचा २००२ सालचा ‘हीरो’ घ्यावा, असे सुचवतो. बुद्धिबळगृहातील द्वंद्व आधी दोन-तीन वेळा पाहा: छपरावरून पावसाचे पाणी ठिबकते आहे, अंध वृद्ध तंतुवाद्य छेडतो आहे, आणि जेट लीची तलवार व डॉनी येनचा भाला यांची बरीचशी झुंज दोघांच्या मनातच रंगते. दोघेही तालमीत तयार झालेले असल्याने त्यांचे पदलालित्य अस्सल वाटते; तलावावरच्या लढतीत मात्र तारांच्या आधाराने तरंगणे इतके लांबते की चुरस ओसरते आणि उरते ते नुसते देखणेपण.

रंगांची नोंद अवश्य घ्या, कारण तीच घटना लाल, निळ्या आणि पांढऱ्या रंगांत नव्याने सांगितली जाते आणि रंग पालटला की कथनाचा खरेपणाही पालटतो. या मांडणीपायी पात्रे मात्र काहीशी पुतळ्यांसारखी होतात.

खरी अडचण इतिहासाची आहे. इ.स.पू. २२७ मध्ये जिंग के या मारेकऱ्याने प्राचीन चीनमधील छिन राज्याच्या राजावर केलेल्या फसलेल्या हल्ल्याची छाया या कथेवर आहे. परंतु पुढे ग्रंथ जाळल्याबद्दल कुप्रसिद्ध झालेला हा राजा येथे चीनच्या एकीकरणाच्या नावाखाली फारच सोज्ज्वळ दिसतो. (त्याला जिवंत सोडणारा चित्रपटाचा शेवट मला अजूनही पचलेला नाही.) हा आक्षेप नोंदवताना छायाचित्रणाचे श्रेय क्रिस्टोफर डॉइल यांना द्यायला विसरू नका.