‘फेरल चाइल्ड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: माणसांपासून दूर, जंगलात किंवा जनावरांत वाढलेल्या मुलाला इंग्रजीत ‘फेरल चाइल्ड’ म्हणतात, मराठीत ‘रानटी मूल’ चालेल का?

माझ्या मते नाही. ‘रानटी’त आज रानापेक्षा असंस्कृतपणाच जास्त ऐकू येतो. ‘रानमूल’ही फसते, कारण रानमांजर, रानडुक्कर म्हटले की मुळातच रानात राहणारे जनावर डोळ्यांपुढे येते. ‘फेरल’ म्हणजे पाळीव जातीचे असून माणसांपासून तुटलेले. मोकाट गुरे, मोकाट कुत्री यांतला ‘मोकाट’ अर्थाने बराच जवळ येतो, पण मुलाला लावला की उनाड ठरतो. सजीवांचे वर्गीकरण करणारा शास्त्रज्ञ लिनियस याची गफलत ‘रानमूल’च्याच जातीची. १७५८ च्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथात त्याने ‘फेरस’ हा माणसाचा एक प्रकारच मांडला आणि लक्षणे दिली चौपायी, मुका, केसाळ. जे परिस्थितीने झाले ते जातीवर गेले.

म्हणून सरसकट नाव हवे असेल तर ‘माणसांविना वाढलेले मूल’ हे मला सर्वांत निर्धोक वाटते. लांब आहे, पण खोटे बोलत नाही. १८०० साली फ्रान्सच्या आवेरों भागात सापडलेल्या व्हिक्तोरला ते चपखल बसते. तो कोणा श्वापदाने वाढवल्याचा पुरावा नाही. डॉक्टर इतार यांनी त्याला काही वर्षे शिकवले. ‘ले’ (दूध) हा शब्द तो उच्चारू लागला, पण दूध मागताना नव्हे, तर ते समोर आल्यावर. म्हणजे उच्चार आला, मागणी आली नाही. अशा मुलांबद्दल ‘बोलायला शिकला’ असे लिहिताना हा फरक सांभाळावा.

‘लांडग्यांनी वाढवलेले’ हे वर्णन नव्हे, दावा आहे. मिदनापूरच्या अमला-कमला (१९२०) या दोन मुलींची हकिकत मुख्यतः अनाथाश्रम चालवणाऱ्या रेव्हरंड सिंग यांच्याच लेखनावर उभी आहे आणि तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत. तिथे ‘लांडग्यांत वाढल्याचे सांगितले जाते’ असेच लिहावे. जर्मनीत न्यूरेंबर्गला १८२८ मध्ये सापडलेला कास्पार हाउझर हा मुलगा तर जंगलातला नव्हेच, आपल्याला अंधाऱ्या कोठडीत वाढवले असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यासाठी ‘कोंडून वाढवलेला’, तेही ‘म्हणे’ जोडून.

‘माणसाळणे’ हे क्रियापद मोहात पाडते. इतार यांच्या खटाटोपाला ते शोभतेही, फक्त ते मुख्यतः जनावरांचे आहे हे ध्यानात असावे.

मथळ्यात जागा नसते, म्हणून वर्तमानपत्रे ‘मोगली’ वापरतात. तो कथेतला, बोलका आणि जंगलात रुळलेला. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात कतर्नियाघाटजवळ सापडलेल्या मुलीलाही हेच नाव चिकटले. ती माकडांत वाढली नसून तिला टाकून दिले असावे, असे वनाधिकाऱ्यांनी सांगितले तोवर मथळे छापून झाले होते. अशा वेळी ‘जंगलाजवळ सापडलेली मुलगी’ एवढेच पुरे.