कोकणातले शिंपले, रानातल्या शेंगा, गारगोट्या आणि जुनी नाणी: फ्लॅटमध्ये यांचं छोटं ‘कुतूहल-कपाट’ कसं करावं?

कपाट सर्वांत शेवटी घ्या. कुतूहल-कपाट म्हणजे अशा नवलवस्तू मांडायचं कपाट. ते मुंबईच्या फ्लॅटमध्ये, दोन बाय तीन फुटांच्या भिंतीवर करायचं, तर प्रश्न दोन: ती भिंत आणि मुंबईची हवा. त्यातली भिंत सोपी, हवा अवघड. या चारही वस्तू एकत्र मांडता येतात, पण एकाच बंद खणात ठेवल्या तर एकमेकींना बाधतात, आणि लाकूडही त्यांना बाधतं.

शिंपल्यांचा मोठा शत्रू म्हणजे लाकडी खण. प्लायवुड, एमडीएफ आणि पुठ्ठा यांतून ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. दार बंद, त्यात दमट हवा, की शिंपल्यावर पांढरी भुकटी धरते. लोक ती बुरशी समजून पुसतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात. प्रत्यक्षात शिंपल्याचं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात झिजून क्षार झालेला असतो आणि गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. संग्राहक याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात, पण त्यात ना जंतू असतात ना बुरशी. म्हणून पावडर कोटिंग केलेलं लोखंडी, काचेच्या दाराचं कपाट उत्तम. लाकडीच हवं असेल तर आतून ॲल्युमिनियम फॉइल लावा, त्यावर आम्लरहित कागद अंथरा आणि मागे वारा खेळायला दोन-चार भोकं ठेवा. आतून ऑइलपेंट मारून भागत नाही, तो वाळताना स्वतःच आम्लं सोडतो. काच बसवणाऱ्याकडे सिलिकॉनही न्यूट्रल क्युअरचंच मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते नको.

किनाऱ्यावरून शिंपले रिकामेच उचला. आत खेकडा राहायला आलेला नाही ना, हे आधी पाहा. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवा. मीठ आत राहिलं तर पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढत राहतं. कुजका वास असेल तर ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन तास, मग भरपूर धुणं. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नको. कवडीची चमक आम्लात काही मिनिटांत जाते, शिवाय ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेंगांची गोष्ट वेगळी, त्यांच्या आत किडे येतात. सागरगोटे, गारंबी, मुरुडशेंग, वाघनखी, टेटूच्या पंखांच्या बिया या सगळ्या दिसायला अप्रतिम, पण टिकवायच्या तर आधी सावलीत पूर्ण वाळवा. मग झिप पिशवीत हवा काढून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. हा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो, त्याहून थंड होत नाही, म्हणून मुदत जास्त. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड शेंगेवर दव धरून बुरशी येते. यानंतरही महिन्याला एकदा खाली पीठ सांडलंय का, ते पाहा. पीठ दिसलं तर ती शेंग पुन्हा फ्रीझरमध्ये. बिब्बा मात्र संग्रहात घेऊच नका, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. घरात लहान मूल असेल तर गुंजांची बाटली कुलपात ठेवा. अखंड गुंज बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, चावलेली मात्र घातक आहे.

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारख्या स्फटिकांना मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. गरम पाणी नको, अपोफिलाइट एका दिशेने सहज फाकतो. आम्लही नको, स्टिल्बाइट ज्या गटातलं खनिज आहे त्या झिओलाइटचा स्फटिक त्यात खराब होतो. काय कसं दिसतं, हे ओळखायला सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा पाहून या. आपल्याला साध्या वाटणाऱ्या दगडाचं नाव तिथे कळतं.

नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. संग्राहकाला तोच थर हवा असतो. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणं काही वर्षांत हिरवट, चिकट होतं. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची पाकिटं घ्या.

दमटपणासाठी सिलिका जेल वापरता येतं, पण ते फक्त हवाबंद डब्यात काम करतं. भोकं ठेवलेल्या कपाटात ठेवलेली पुडी म्हणजे शोभा. म्हणून नाणी आणि शेंगा झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, प्रत्येकीत थोडं केशरी जेल घालून ठेवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की झालं. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिला तर बुरशीचा धोका असतो.

मांडणीला जुन्या छापखान्यांतले खिळ्यांचे केस, म्हणजे शिशाची छपाईची अक्षरं ठेवायचे खणाखणांचे लाकडी ट्रे, फार छान दिसतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात कधीकधी मिळतात. त्यात शिशाची धूळ असते: ओल्या फडक्याने पुसा, सँडपेपर मारू नका, हातमोजे घाला. खण इंचभर खोल, म्हणजे छोट्या वस्तूंनाच जागा. बिया, दगड तिथे, शिंपले नकोत. वस्तू चिकटवायला फेविक्विक नको, ते निघत नाही आणि भोवती पांढरट डाग पाडतं. मेणाचा छोटा गोळा पुरतो.

ओल वर्म या कोपनहेगनच्या वैद्याच्या संग्रहाचं १६५५चं चित्र पाहिलंत तर वर छताला मासे टांगलेत, पण खाली पेट्या धातू, दगड अशा प्रकाराने वेगळ्या लावलेल्या आहेत. तसंच करा. शोभेसाठी एखादं खेकड्याचं कवच मधोमध ठेवायला हरकत नाही.

कायद्याचं थोडक्यात: प्रवाळ, समुद्रघोडे, काही मोठे शिंपले आणि शंख वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अंतर्गत संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी घेऊ नका. रानपक्ष्यांची पिसं, अंडी, घरटी तशीच ठेवा. नैसर्गिकरीत्या गळलेल्या मोरपिसांना मात्र सूट आहे. गडावरून खापर, वीट, दगड आणू नका. जमिनीत पुरलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि वही. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, ‘२०२५/१४’ असा, सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने. वहीत: काय, कुठे, कोणत्या तारखेला, कोणी दिलं, काय उपचार केले. बॉलपेन उजेडात फिकटतं, पेन्सिल नाही. उजेडासाठी एलईडी पट्टी लावत असाल तर तिचा अडॅप्टर कपाटाबाहेर ठेवा, आणि उन्हाच्या खिडकीसमोरची भिंत निवडू नका. गुलाबी शिंपला तिथे एका उन्हाळ्यात पांढरा पडू लागतो.